सोळा वाजून दहा मिनिटं

मामांच्या घरात दोन घड्याळं होती. एक बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर, लंबकाचं. त्याला मामी दर रविवारी स्टुलावर चढून चावी द्यायची. दुसरं कॉम्प्युटरच्या पोटात होतं, ते दिसायचं नाही. भिंतीवरच्या घड्याळात बारापर्यंतच वाजायचे. पोटातल्या घड्याळात तेरा वाजायचे, सोळा वाजायचे, तेवीससुद्धा वाजायचे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं मामा चेष्टा करताहेत. मी चौथी शिकलेली होते आणि घड्याळ हा धडा मला चांगला यायचा. मग मामांनी सांगितलं की बारा वजा कर, उरेल ते आपलं. तेव्हापासून आजपर्यंत मला दुपारचे चार वाजलेले दिसले की मनात सोळा येतात.

राहात्याला हे घर होतं. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला तिथं आणून सोडलं. आमचं गाव नेवाशाकडं, घोडेगावच्या अलीकडं. "दिवाळीपर्यंत ठेवा, मंग नेतो," असं ते मामांना म्हणाले होते, आणि मी तेव्हा उंबऱ्याजवळ बसून पिशवीचे बंद सोडत होते. ती दिवाळी गेली. दादांनी दुसरं लग्न केल्याचं मामीनं एकदा भाकरी थापता थापता सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "तवा तापला का बघ." तिची पद्धत तीच होती. मोठी गोष्ट सांगायची आणि तिच्यावर एखादं लहान काम ठेवून द्यायचं. मी तवा बघितला. पुढची दिवाळीही गेली.

मामीला मूल नव्हतं. ती ब्लाऊज शिवायची आणि दिवसभरात मोजकंच बोलायची. स्वयंपाक मात्र तिच्यासारखा मी पुढं कुठं खाल्ला नाही. हुलग्याची शेंगोळी करायची, लसूण भरपूर, वर कच्चं तेल. बाजरीची भाकरी इतकी पातळ की उजेडाला धरली तर बोटं दिसत. राहात्याचे पेरू घरात कायम असायचे. मामांना साखरेचा आजार, त्यांना अर्धाच मिळायचा, तो ते मीठ लावून खिडकीत उभे राहून खायचे. घर रस्त्याला लागून होतं. शिर्डीला पायी जाणारी मंडळी कर्णा लावून, गाणी म्हणत दारावरून जायची, आणि ती गेली की मागं उरलेली शांतता फार मोठी वाटायची. माझ्याशी बोलायला त्या गल्लीत कुणी नव्हतं असं नाही. शेजारच्या मुली हाका मारायच्या. पण त्या शाळेतून आलेल्या असायच्या, शाळेतलंच बोलायच्या, आणि मी दोन वाक्यांनंतर घरात काहीतरी करायचं राहिलं आहे असं सांगून आत यायची. बहुतेक वेळा काही राहिलेलं नसायचं.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. घरात सगळे त्याला मशीनच म्हणत. मामा आधी कारकून होते. ती नोकरी सोडून पुण्याला जाऊन ते हे काम शिकून आले होते, आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या याद्या करून द्यायचे. सभासदांची नावं, गावं, वारस. त्या काळी असं मशीन लांबलांबपर्यंत कुणाकडं नव्हतं. त्याच्यासमोर चप्पल घालून जायचं नाही असा नियम होता. उन्हाळ्यात टेबलफॅन मशीनकडं तोंड करून लावलेला असायचा, माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत. यादी छापायला लागलं की छपाईयंत्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं किंचाळायचं, आणि मामी आतून म्हणायची, "रडायला लागलं तुमचं लेकरू."

मामांच्या डोळ्यांवर साखरेचा परिणाम होत चालला होता. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याला पडद्यावरचे तीन आणि आठ वेगळे दिसत नाहीत त्याला यादीचं काम कोण देणार? एका संध्याकाळी मी खोली झाडत होते. ते म्हणाले, "संगे, इकडं ये. हा आकडा काय आहे?" मी सांगितला. "आणि हा?" तोही सांगितला. "इंग्रजी अक्षरं येतात?"

"येत नाहीत."

"आकार ओळखशील?"

"ओळखीन."

त्या दिवसापासून संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मी मशीनसमोर बसायची. मामा मागं खुर्चीत. ते ज्या भाषेत काम करायचे तिचं नाव फॉक्सप्रो. त्या भाषेत एक आज्ञा होती, मामा तिला 'एडिर' म्हणायचे. मला कितीतरी दिवस ते कुणा माणसाचं नाव वाटत होतं. एडिरचं काम असं की फाईल न उघडता तिच्याबद्दल विचारायचं. मामांनी मला माझ्या गावाकडच्या गोष्टीतून समजावलं. "घोडेगावच्या बाजारात बैल घेताना आधी जुंपून बघतात का?"

"न्हाई. दात बघत्यात. खांदा बघत्यात."

"हे तसंच. बैल दावणीलाच. आपण नुसतं बाहेरून बघायचं."

एडिर प्रत्येक फाईलच्या पाच गोष्टी सांगायचं. नाव, आकार, शेवटचा बदल झाला ती तारीख, ती वेळ, आणि शेवटी पाच जागांचा एक रकाना. त्या रकान्यात काही नसलं तर पाच ठिपके दिसायचे, रांगोळीच्या ओळीसारखे. कधी दुसऱ्या ठिपक्याच्या जागी ए असायचा, म्हणजे फाईल बदलली आहे आणि तिची प्रत अजून फ्लॉपीवर काढलेली नाही. पहिल्या जागी आर असला तर ती फक्त वाचायची, तिच्यात लिहिता येत नाही. आणि एक होता एच. एच म्हणजे लपवलेली. ती फाईल असते, जागा घेते, पण तिचं नाव यादीत येत नाही. विचारताना एच घालून विचारलं तरच येतं. हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

मामांनी यासाठी एक छोटा प्रोग्रॅम करून ठेवला होता. त्याला नाव द्यायचं होतं चौकशी, पण नावाला आठच इंग्रजी अक्षरं चालायची, म्हणून शेवटचं गाळून 'चौकश' झालं होतं. मी चौकश चालवायची, आणि पडद्यावर आलेली प्रत्येक ओळ एका लांब वहीत उतरवून घ्यायची. बदलली असो वा नसो, रोज प्रत्येक फाईल. ज्यांच्यापुढं ए असेल त्यांची प्रत मामा फ्लॉपीवर घ्यायचे आणि ए जाऊन पुन्हा ठिपका यायचा. अर्ध्या तासाचं काम. दिवसभरात मला तेवढाच अर्धा तास कुणीतरी काहीतरी विचारायचं. आता नात मोबाईलमधल्या फोटोवर बोट दाबून धरते आणि तपशील असं लिहिलेलं येतं, त्यातही तेच असतं, किती मोठा, कधीचा, किती वाजताचा. ती मला दाखवून म्हणते, आजी, बघ कसं कळतं. मी बघते.

आमच्या गावच्या पाणी सोसायटीचं काम मामांकडं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी तात्या मामांच्या ओळखीचे, म्हणून एवढ्या लांबून यायचे. तिच्या फाईलचं नाव सभासद. ते बरोबर आठ अक्षरांत बसायचं. त्या वर्षी सोसायटीची निवडणूक होती, दोन गट पडले होते, आणि यादीला फार महत्त्व आलं होतं. नवरात्रातल्या शनिवारी संध्याकाळी यादी बंद झाली. त्यानंतर तिच्यात एक अक्षर बदलायचं नाही असं ठरलं. मामांनी तिची प्रत फ्लॉपीवर घेतली आणि मी त्या दिवशीची ओळ वहीत लिहिली. त्या यादीत दादांचं नाव आहे हे मला ठाऊक होतं. छापताना मी ते एकदा ओझरतं पाहिलं होतं, कागद पुढं सरकला आणि ते खाली घडीत गेलं.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. मामीची विळी, कात्री, शिवणयंत्राची सुई, मामांचा पेचकस. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही म्हणून भाजीही आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असायची. मशीन जागेवरच होतं. त्याचा प्लग काढला, पडद्याच्या वरच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं लावली, आणि झेंडूचा हार असा घातला की तो दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. फ्लॉपीच्या डब्यावरही एक फूल. मामांनी हात जोडले, आणि मामी म्हणाली, "आज त्याला विश्रांती."

दुपारी दोघं देवीच्या देवळात होमाला गेले. घटापाशी अखंड दिवा होता, तो विझू नये म्हणून घरी कुणीतरी लागतं. मी लागत होते. दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली. बाहेरून झांजांचा आवाज आला आणि लांब गेला. मग मी बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बैलबाजार सांगून मामांनी मला बाहेरून बघायला शिकवलं होतं, आणि बाहेरून बघून बघून माझं मन भरलं होतं. मी हार वर सारला. प्लग लावला. मामा फाईल उघडताना कोणते दोन शब्द मारतात त्यांचे आकार मला पाठ होते. सभासद उघडली. मशीनमध्ये मराठी अक्षरांचं वेगळं कार्ड बसवलेलं होतं, त्यामुळं आतली नावं मराठीत दिसायची. एकेक ओळ खाली जात मी दादांच्या नावापाशी थांबले. पुढं गाव, पुढं वारस. वरच्या ओळीत वारस पत्नी, खालच्या ओळीत वारस मुलगा. दादांच्या ओळीत काहीच नव्हतं.

मला वाटलं होतं तिथं नव्या आईचं नाव असेल. ते असतं तर मी मशीन बंद करून दिव्यापाशी जाऊन बसले असते. पण जागा कोरी होती. मी एकेक कळ शोधून तिथं माझं नाव लिहिलं. संगीता. ते तिथं व्यवस्थित बसलं, पुढं जागा उरलीसुद्धा. थोडा वेळ मी त्याच्याकडं बघत राहिले. मग शेवटच्या अक्षरापासून मागं येत सगळं पुसलं, फाईल बंद केली, मशीन बंद केलं, हार खाली ओढला. झेंडूची एक पाकळी कळांच्या फटीत अडकली होती, ती नखानं काढली. पुसलं म्हणजे झालंच नाही, अशी माझी समजूत. रोज संध्याकाळी तारखा आणि वेळा उतरवून घेणारी मी, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

ते दसऱ्याच्या संध्याकाळी आलं. चौकश चालवलं. सभासदच्या ओळीत नवमीची तारीख. सोळा वाजून दहा मिनिटं. शेवटच्या रकान्यात ए. मामा मागं बसून सोन्याची पानं निवडत होते. ते म्हणाले, "कुठं ए आहे का?" मी म्हणाले, "नाही." आणि वहीत सभासदपुढं शनिवारची तारीख, शनिवारची वेळ आणि पाच ठिपके लिहिले. आकार तेवढाच होता, तो खराच लिहिला. पुढचे दोन दिवसही मी तेच केलं.

चौथ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. तात्या उतरले, बगलेत पिशवी. त्यांच्यामागून विरुद्ध गटाचे कडूभाऊ, उंच, पांढरे कपडे. आणि सगळ्यात शेवटी दादा. मी पिठाच्या हातांनी दारात आले होते. दोन वर्षांत मी त्यांच्या येण्याचं जे जे ठरवलं होतं त्यात जीप नव्हती आणि दुसरी माणसं नव्हती.

"बरी हायेस का?" दादा म्हणाले.

"हो."

"उंच झालीस."

एवढं बोलून ते आत जाऊन भिंतीकडेला बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून. ते कडूभाऊंच्या गटाचे म्हणून आले होते, हे मला आत पाणी भरताना कळलं.

कडूभाऊंनी पाण्याला हात लावला नाही. "शनिवारी यादी बंद झाली. आन् काल बोर्डावर लावली तिच्यात अकरा नावं नवी हायेत. कुनी घातली, कवा घातली, तेवढं सांगा."

"नवी न्हाईत," तात्या म्हणाले. "तुमी कधी सभेला आला असता तर वळखीची वाटली असती."

"तुमी नका बोलू तात्या. मी मशीनवाल्याला इचारतोय."

मामा शांत होते. "कडूभाऊ, शनिवारनंतर ही फाईल कुणी उघडलेली नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मशीनलाच विचारा." आणि त्यांनी चौकश चालवलं, खुर्ची मागं घेतली आणि म्हणाले, "संगे, सभासदची ओळ वाच."

मी पुढं झाले. नाव वाचलं, आकार वाचला. तारखेपाशी माझा आवाज थांबला. मामांना वाटलं मी लाजले. "वाच, वाच. घरचीच माणसं आहेत." कडूभाऊ वाकले आणि पडद्यावर बोट ठेवून त्यांनी स्वतः वाचलं. "नवमी हाय ही. सोळा धा. म्हंजे दुपारचं चार वाजून धा मिनिटं."

"शक्य नाही," मामा म्हणाले. "नवमीला मशीनची पूजा असते. प्लगसुद्धा काढलेला होता."

"पूजाच केली म्हना की आमची."

मामांचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. आजूबाजूच्या गावांतली माणसं त्यांच्याकडं नावं द्यायची ती एकाच गोष्टीवर, की या घरात नाव बदलत नाही. तेवढीच त्यांची पुंजी, आणि डोळे तर चाललेच होते. ते म्हणाले, "वही आण." मी आणली. त्यांनी ती कडूभाऊंसमोर धरली. "रोजच्या नोंदी आहेत. बघा, कालपर्यंत शनिवारचीच तारीख."

कडूभाऊंनी पानं उलटली. "मशीन एक बोलतंय, वही एक बोलती. वही तुमची, पोरगी तुमची. मी कुनाचं खरं धरू?"

शिवणयंत्राचा आवाज आतून येत होता, तो थांबला. मी म्हणाले, "वहीत मी खोटं लिहिलंय."

"काय?" मामा म्हणाले.

"नवमीला मी उघडली होती. तुम्ही होमाला गेल्यावर."

"कुनी सांगितलं तुला उघडाया?" कडूभाऊ माझ्याकडं वळले.

"कुणी नाही."

"मंग कशापाई?"

मी खाली फरशीकडं बघत होते. "दादांचं नाव बघायला."

"कोन दादा?"

"भागवतची पोरगी हाय ती," तात्या हळू म्हणाले, आणि सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. दादा टोपीची घडी फिरवत होते.

"आन् बघून काय केलंस?"

"वारसाची जागा कोरी होती. तिथं माझं नाव लिहिलं. मग पुसलं."

हे मी मोठ्यानं म्हणाले की पुटपुटले, ते आठवत नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं. तात्या खाकरले. कडूभाऊंचा आवाज जरा खाली आला, पण त्यांनी सोडलं नाही. "पुसलंस ते कशावरून? आन् तेवढंच केलंस ते तरी कशावरून?" त्यांचा मला त्या वेळी फार राग आला. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. वहीत खोटं लिहिणाऱ्या मुलीचं कुणी का खरं मानावं?

मामांनी वही परत घेतली. मग त्यांनी मला विचारलं, "दसऱ्याला सभासदपुढं ए होता?"

"होता."

"मला सांगितला नाहीस."

"नाही."

"म्हणजे मी प्रत घेतली नाही." ते एकदम उठले. "म्हणजे फ्लॉपीवर शनिवारचीच आहे." त्यांनी डब्यावरचं सुकलेलं फूल बाजूला ठेवलं, फ्लॉपी घातली आणि एडिरला फ्लॉपीवरच्या फाईलची चौकशी करायला लावली. आकार तोच. तारीख शनिवारची, वेळ संध्याकाळची. कडूभाऊंनी ती ओळ दोनदा वाचली. "आता ही छापतो," मामा म्हणाले. "छापलेला कागद तुम्ही धरा. मशीनमधली यादी पडद्यावरून वाचू. एक अक्षर वेगळं निघालं तर हे मशीन तुमच्या जीपमध्ये टाका."

यादी छापून झाली, आणि मग प्रश्न आला की पडद्यावरून वाचणार कोण. मामा वाचणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. ते चष्मा पुसत बसले. त्यांना वाचता येणार नाही हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. मी म्हणाले, "मी वाचते."

तीनशेबारा नावं होती. नाव, गाव, वारस. मी वाचायची, कडूभाऊ कागदावर नखानं खूण करत म्हणायचे, "हां." आयुष्यात मी इतकं सलग कधी बोलले नव्हते, इतक्या माणसांत तर नाहीच. सुरुवातीला मी प्रत्येक नावापाशी अडखळत होते. मग आवाजाला एक चाल आली, पाढे म्हणताना येते तशी. कडूभाऊंची ती अकरा नावं जिथल्या तिथं आली आणि शनिवारच्या कागदावरही होती. त्यांची हां बारीक होत गेली. आणि मग खाली दादांची ओळ येताना मला दिसली, चार ओळी आधीच. मी त्या चारही वाचल्या. मग दादांचं नाव वाचलं. आमचं गाव वाचलं. "वारस," म्हणाले, आणि थांबले.

"हां, वारस?" कडूभाऊ कागदावर नख ठेवून म्हणाले.

"कोरा."

"कोराच हाय," ते म्हणाले. "चला म्होरं."

मी पुढचं वाचलं. दादांकडं बघितलं नाही. सगळं संपलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. कडूभाऊंनी कागदाची घडी केली. "जुळलं." मग पहिल्यांदा पाणी प्यायले. जाता जाता मामांना म्हणाले, "काम चोख हाय तुमचं. पन घर उघडं हाय."

मामीनं सगळ्यांना शेंगोळी वाढली. मी आत होते. जेवून दादा मोरीपाशी हात धुवायला आले, मी तांब्यानं पाणी घालत होते. ते हात चोळत राहिले, धुऊन झाले तरी. मग खालीच बघत म्हणाले, "लिव्हलं व्हतं, तर पुसलंस कशाला?"

मी पाणी घालत राहिले.

"वारसाचा फारम आनून देतो," ते म्हणाले. "सही लागती म्हनं." बाहेर जीपचा हॉर्न वाजला. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला, केस ओले झाले, आणि ते गेले.

मामा त्या दिवशी मला रागावले नाहीत. रागावली मामी, आणि तीही फाईलबद्दल नाही. "नवमीला हात कसा लावलास?" हे तिनं तीनदा विचारलं. संध्याकाळी तिनं माझ्या हातानं मशीनसमोर नारळ फोडवला आणि कान धरायला लावले. मग खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. हार फिरलेला होता. जा, भांडी पालथी घाल." मामांनी सभासदची प्रत घेतली, ए गेला. मग त्यांनी तिला आर लावून टाकला. "तुझ्या बापाचा फॉर्म आला की काढू," म्हणाले. वही त्यांनी माझ्याकडून काढून घेतली नाही. दिवा लावल्यावर त्यांनी नेहमीसारखी हाक मारली, "संगे, बस."

निवडणूक झाली. पुढल्या वर्षी सोसायटीनं काम नेवाशाला दुसऱ्या कुणाकडं दिलं. मामांकडं ती फाईल तशीच राहिली. रोज संध्याकाळी चौकश चालवलं की तिची ओळ यायची आणि मी ती उतरवायची. मामांनी एकदा सांगितलं होतं की आकार बघून वारस भरला की नाही हे कळत नाही, कारण कोऱ्या जागेलाही तेवढीच जागा राखलेली असते. म्हणून मी आकाराकडं बघायची नाही. तारखेकडं बघायची. मी दुपारी झोपलेली असताना, किंवा दळणाला गेलेली असताना फॉर्म आला असेल, मामांनी भरला असेल, सांगायचं राहिलं असेल, असं मनात यायचं. तारीख नवमीचीच असायची. सोळा वाजून दहा मिनिटं. माझ्यानंतर त्या फाईलला कुणाचा हात लागला नव्हता.

दादांनी नेवाशाला जाऊन तो रकाना भरून घेतला असेल का, हे मला माहीत नाही. तिथली फाईल वेगळी. माझ्या लग्नात ते आले होते, मामांच्या दारात उभे राहून त्यांनी अक्षता टाकल्या, जेवले. तो विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. आता ते नाहीत. मामाही नाहीत. मामी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत ही वही निघाली, ब्लाऊजच्या कापडात गुंडाळलेली, आणि कुणीतरी ती माझ्याकडं पोचवली.

शेवटची नोंद लग्नाच्या आदल्या संध्याकाळची आहे. हळद लागलेल्या हातानं लिहिलेली, म्हणून कागद एका बाजूला पिवळा. सभासद, आकार, नवमीची तारीख, सोळा वाजून दहा मिनिटं, एक आर, चार ठिपके. त्याखालची पानं कोरीच राहिली होती. हे मी त्यांवर लिहिते आहे.